नावात नर, बिळात नाही

दक्षिण व्हिएतनाममधल्या पूर्वीच्या (२०२५ पर्यंतच्या) बा रिया-वुंग ताऊ प्रांतात वाळूत बीळ करून राहणारे सरडे खाणावळीत शिजवले जातात. तिथले सरडे एकाच छापाचे दिसतात आणि सगळ्या माद्याच, हे ङो वान त्री या व्हिएतनामी संशोधकाच्या नजरेत भरलं. ली आणि जेसी ग्रिस्मर या अमेरिकी बापलेकांनी पुढे तपास केला आणि २०१० मध्ये नवी जात जाहीर झाली: 'लिओलेपिस ङोवानत्रीई'. शेवटचा 'ई' लॅटिनमधला षष्ठीचा प्रत्यय, 'त्रींचा' अशा अर्थाचा, आणि तोही पुल्लिंगी. ज्या जातीत नर औषधालाही मिळत नाही, तिच्या नावात तो असा कायमचा बसला!

'लिओलेपिस' हे प्रजातीचं नाव १८२९ मधलं, कूव्हिएचं. ग्रीक 'लिओस' म्हणजे गुळगुळीत, 'लेपिस' म्हणजे खवला. फुलपाखरांच्या 'लेपिडॉप्टेरा' या गणनावातही हाच लेपिस आहे. इंग्रजीत या सरड्यांना फुलपाखरू-सरडे म्हणतात, ते मात्र अंगावरच्या रंगांमुळे. नात्याचा संबंध नाही, योगायोग तेवढा गमतीचा.

मराठीत पाल स्त्रीलिंगी, घोरपड स्त्रीलिंगी. संस्कृत 'सरट'वरून आलेला सरडा तेवढा पुरुष. इथे 'सरडी' म्हणायला माझी हरकत नाही.

खरी चर्चा व्हावी ती नराशिवाय होणाऱ्या या जननाच्या नावाची. ग्रीक 'पार्थेनोस' म्हणजे कुमारी. अथेन्सचं पार्थेनॉन हे अथेना कुमारीचं मंदिर. त्यापुढे 'जेनेसिस', आपल्या 'जन्' धातूचा सख्खा भाऊ, जोडून 'पार्थेनोजेनेसिस' झालं. व्हिएतनामीतला 'त्रिन सान' हा शब्दही कौमार्याचीच आठवण काढतो. सरड्याला कसलं आलंय कौमार्य? शिवाय जनुकीय तपासणीनुसार हा वंश दोन वेगळ्या जातींच्या संकरातून निघाला. म्हणजे मुळाशी एक नर होताच. लेकींना तो लागला नाही, इतकंच.

मराठीतला शब्द आहे 'अनिषेकजनन'. 'सिच्' म्हणजे शिंपडणे. सिंचन, अभिषेक त्याच घरातले. 'निषेक' म्हणजे गर्भाधान. ते न होता झालेलं जनन, एवढंच हा शब्द सांगतो. मादीच्या चारित्र्यात नाक खुपसत नाही. उच्चाराला जड आहे, पाठ्यपुस्तकी आहे, सगळं कबूल. पण तिन्हींत नेमका तोच.