प्रत काढायचे किती?

खुलताबादला लोक जातात ते औरंगजेबाची कबर बघायला, नाहीतर भद्रा मारुतीला. तिथेच बुऱ्हानुद्दीन गरीब या चिश्ती सूफींचा दर्गा आहे. ते १३३७ साली वारले. त्यांच्या बैठकीत काय बोलणं झालं ते काशानी घराण्यातल्या तिघा भावांनी फारसीत लिहून ठेवलं. आपल्या भाषेत मीटिंगचे मिनिट्स म्हणा हवं तर :-) असं पुस्तक हवं असेल तर त्या काळी उपाय एकच. मूळ प्रत मिळवायची आणि बसून हाताने उतरवायची, नाहीतर कोणाकडून तरी उतरवून घ्यायची.

पुढे छपाई आली, प्रत स्वस्त झाली, पण फुकट नाही. मुंबईच्या सेठ जीएस मेडिकल कॉलेज आणि केईएम हॉस्पिटलच्या स्टाफ सोसायटीचं 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' १९५५ पासूनचं. कागद, छपाई, टपाल.. वर्गणी घ्यायलाच हवी. त्यात गैर काही नाही.

मग इंटरनेट आलं. आता प्रत काढायला कंट्रोल-सी पुरतं. तरी मोठ्या परदेशी प्रकाशकांकडे एक पेपर उघडायचे तीस-चाळीस डॉलर पडतात. लिहिणाऱ्याला त्यातला छदाम मिळत नाही, तपासणाऱ्यालाही बहुधा नाहीच. संशोधनाचा खर्च मात्र बऱ्याचदा सरकारी, म्हणजे तुमच्याआमच्या करातला. मला हे अजून पचलेलं नाही.

केईएमवाल्यांनी नेमकं उलटं केलं. २००१ पासून जर्नल नेटवर फुकट, आणि लेखकाकडूनही फी नाही! खर्च छापील अंकाच्या वर्गणीतून भागवायचा. यामागे डॉ. डी. के. साहू आणि त्यांची मुंबईतली मेडनो ही कंपनी होती. साहू, गोगटे आणि बावडेकर यांनी २००५ मध्ये शिकागोच्या एका परिषदेत आकडेवारीच मांडली: जर्नल खुलं झाल्यावर त्यातल्या लेखांचे दाखले जास्त दिले जाऊ लागले. मेडनोच्या रांगेत मग शंभरावर जर्नल्स आली. २०११ मध्ये वोल्टर्स क्लूवर या बड्या कंपनीने मेडनो विकत घेतली. असो.

आपल्या सरकारने वेगळा रस्ता धरला. १ जानेवारी २०२५ ला 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' सुरू झालं. तीन वर्षांचे ६००० कोटी, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० जर्नल्स, ६३०० च्या वर सरकारी संस्था. संभाजीनगरच्या विद्यापीठात शिकणाऱ्या पोरांचं भलं झालं, नक्कीच. पण एवढे पैसे आपण कुलूप काढायला नाही, किल्ल्या भाड्याने घ्यायला दिले. आणि पहिल्या टप्प्यात किल्ली संस्थेला, माणसाला नाही. विद्यापीठापासून पंचवीसेक किलोमीटरवर, खुलताबादेत स्वतःचा दवाखाना चालवणारा डॉक्टर त्यात बसत नाही. रात्री एखाद्या पेशंटबद्दल शंका आली तर केईएमचा जुना लेख त्याच्या मोबाईलवर लगेच उघडतो. पुढच्या लिंकवर कार्ड नंबर विचारतात.