हत्यार खाली पडेपर्यंत

7 जानेवारी 2025, मंगळवार. पुणे, येरवडा.

सायंकाळी 6 च्या सुमारास : एका बीपीओ कंपनीचं पार्किंग. तिथं काम करणारी 28 वर्षांची तरुणी आणि तिचाच 30 वर्षांचा सहकारी समोरासमोर. उसन्या पैशांवरून दोघांत बिनसलं होतं, असं पोलिसांनी पुढं सांगितलं. आसपास माणसं आहेत. अजून काहीच घडलेलं नाही.

सव्वासहाच्या सुमारास : तो धारदार हत्यार काढतो. वार तिच्या हातावर, कोपरापाशी बसतो.

पुढची काही मिनिटं : सगळा खेळ याच मिनिटांचा. ती जमिनीवर आहे, रक्त वाहतंय. तो हातात हत्यार घेऊन तिच्याभोवती फिरतोय. थोडं अंतर राखून बघ्यांचं कडं उभं आहे आणि कुणीतरी मोबाईलवर चित्रण करतंय. हत्यारबंद माणसावर एकट्यानं झडप घालायला छाती लागते, ती प्रत्येकाकडे नसते. त्याबद्दल कुणाला बोल लावणार नाही. पण ते एकटे कुठं होते? पार्किंगमध्ये हेल्मेटला तोटा नसतो. चौघांनी मिळून गलका केला असता, हाताला येईल ते फेकलं असतं, तरी त्याचं लक्ष उडालं असतं. हाताच्या जखमेवर ओढणी घट्ट दाबून धरणं हा पहिला उपचार. ती वाचलीच असती असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. तो उपचार वेळेवर मिळाला नाही, एवढं मात्र व्हिडिओत दिसतं.

त्यानंतर : तो हत्यार फेकून देतो. आणि मग गर्दी धावते! त्याला धरते, बडवते. निःशस्त्र माणसाला मारायला मात्र हात कमी पडले नाहीत.

रात्री : रुग्णालयात तिचा मृत्यू.

दोन-तीन दिवसांत तो व्हिडिओ आमच्या खुटबाव गावातही मोबाईलवर फिरला. इथली पोरं शटल रेल्वेनं पुण्याला कामाला जातात, म्हणजे तसल्याच पार्किंगमध्ये रोज उभी राहतात. ‘शहरातली माणसं अशीच,’ हा शेरा लगेच आला. तो मला पटत नाही. त्याच पुण्यात 27 जून 2023 ला सकाळी, सदाशिव पेठेत, कोयता घेऊन मुलीमागं धावणाऱ्याचा वार स्पर्धा परीक्षेच्या एका विद्यार्थ्यानं वरच्या वर अडवला. ती मुलगी वाचली. तोही बाहेरगावाहून शिकायला आलेला.

आणि आपलं काय? पुणे-सोलापूर महामार्ग आपल्यापासून लांब नाही. अपघात दिसला की गाडी हळू होते, काच खाली येते, मोबाईल वर येतो, गाडी निघून जाते. विचारलं तर उत्तर ठरलेलं : ‘पोलिसांचं लचांड कोण मागं लावून घेणार?’ ही सबब आता चालत नाही. सर्वोच्च न्यायालयानं 30 मार्च 2016 ला मदतकर्त्यांच्या संरक्षणाच्या नियमांवर शिक्कामोर्तब केलं. 2019 च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम 134अ आलं. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यानं नाव सांगण्याची सक्ती नाही, रुग्णालय त्याला अडकवून ठेवू शकत नाही.

रुग्णवाहिकेला 108, पोलिसांना 112. मोबाईल हातात आहेच, तर आधी हे लावा.