संशयाची जात

वऱ्हाडातल्या कोणत्याही गावात चोरी होऊ द्या. वावरातली मोटार गेली, कोणाच्या घरचं कपाट फुटलं. पंचनामा व्हायच्या आधी गावाचं ठरलेलं असते, "बेड्यावर पाहा!" पोलिसाची गाडीही तिकडंच वळते. पारध्याच्या बेड्यावरचे दोन-चार गडी उचलतात. बाया लेकरं घेऊन ठाण्यासमोर बसतात. पुरावा मग सावकाश पाहायचा.

दोस्तहो, ही एखाद्या फौजदाराची खोड असती तर त्याची बदली करून प्रश्न मिटला असता. पण या खोडीला दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो कायद्याच्या पुस्तकात छापलेला आहे.

१२ ऑक्टोबर १८७१ ला इंग्रज सरकारनं गुन्हेगार जमातींचा कायदा केला. सरकारनं एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर केली की झालं. त्या जाहीरनाम्याविरुद्ध कोर्टात दाद मागायची सोय नाही. पोराचं नाव नोंदवहीत. हजेरी द्यायची. दुसऱ्या गावी जायचं तर पास काढायचा. गुन्हा काय? जन्म. हा कायदा आधी उत्तर हिंदुस्थानात लागला. १९११ ला नवा कायदा करून तो देशभर पसरवायची सोय केली आणि बोटांचे ठसे घेणं सुरू झालं. १९२४ च्या कायद्यात तर नोंदवलेला माणूस चोरीच्या बेतात दिसला, एवढं कोर्टाला पटलं तरी तीन वर्षं कैद!

आता गंमत पाहा. पाचच महिन्यांनी, मार्च १८७२ मध्ये, त्याच सरकारनं पुराव्याचा कायदा केला. त्यात काय आहे? आरोप करील त्यानं तो शाबीत करावा. पोलिसापुढं दिलेला कबुलीजबाब चालणार नाही. आरोपीचं चालचलन वाईट आहे, एवढ्यावरून गुन्हा शाबीत धरायचा नाही. दोन्ही कायद्यांच्या वेळी व्हाइसरॉयच्या कौन्सिलात कायदा खातं सांभाळणारा माणूस एकच, जेम्स फिट्झजेम्स स्टीफन. एका कायद्यात माणसाचा जुना बदलौकिक पुरावा होत नाही, आणि दुसऱ्यात अख्ख्या जमातीचा बदलौकिक हाच पुरावा! हे इंग्रजाला सुचलं कसं? सुचवणारा इथंच बसला होता. बिल मांडताना युक्तिवाद झाला की या देशात सुताराचा पोरगा सुतार होतो, तसा गुन्हेगाराचा पोरगा गुन्हेगारच होणार. मनूनं जात पाहून शिक्षा ठरवली होती. इंग्रजानं जात पाहून संशय ठरवला.

आपला वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या कारभारात. वऱ्हाडच्या पोलीस खात्यातला अधिकारी गनथॉर्प, यानं १८८२ ला मुंबई इलाखा, वऱ्हाड आणि मध्य प्रांतातल्या गुन्हेगार जमातींवर पुस्तकच काढलं. वऱ्हाडातल्या टाकणकारांचं उदाहरण घ्या. जात्याला टाकी देणं हा त्यांचा धंदा. दारोदार फिरल्याशिवाय पोट कसं भरणार? पण पोलिसांच्या नोंदीत ते फिरणंच घर हेरणं झालं. पोटाचा धंदाच पुरावा ठरला.

आपण यातून सुटलो होतो काय? गावात ढोर मेलं की महारानं विष घातलं, हा बोभाटा आपल्या आज्यानं ऐकलेला आहे. तेव्हा वहीत आपलं नाव नव्हतं, म्हणून बेडा परका समजू नका. कैकाडी आपल्या अमरावती-अकोल्यात अनुसूचित जातीच्या यादीत आहे, आणि तोच कैकाडी पश्चिम महाराष्ट्रात विमुक्त जातीत. पारधी अनुसूचित जमातीत. याद्या सरकारच्या, सोसणं एकच.

बाबासाहेबांनी १३ नोव्हेंबर १९२७ ला अमरावतीत वऱ्हाडच्या अस्पृश्य परिषदेचं अध्यक्षपद भूषवलं. पुढं घटनेच्या वेळी आजच्या कलम २१ चा वाद उभा राहिला. कायद्यानं घालून दिलेल्या पद्धतीनं माणसाला कैद करता येईल, असा मसुदा होता. काही सभासद म्हणत, नुसती कायद्याची पद्धत नको, न्यायाची पद्धत लिहा. १३ डिसेंबर १९४८ ला बाबासाहेबांनी दोन्हीकडचा धोका मांडला. कायदेमंडळ बहुमताच्या जोरावर जुलमी कायदा करू शकते, आणि मूठभर न्यायाधीशांच्या हाती सगळं सोपवणंही धोक्याचंच. निर्णय सभेवर सोडला. सभेनं मसुदाच ठेवला. पण त्यांना ते सलत होतं. १५ सप्टेंबर १९४९ ला त्यांनी नवं कलम आणलं, तेच आजचं कलम २२. अटकेचं कारण सांगा, वकील घेऊ द्या, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढं उभं करा.

गुन्हेगार जमातींचा कायदाही कायद्यानं घालून दिलेली पद्धतच होती, हे ध्यानात घ्या. म्हणून नुसता कायदा पुरत नाही, तो न्यायाचा लागतो. सुप्रीम कोर्टानं हे १९७८ ला, मनेका गांधी खटल्यात, मान्य केलं.

मुंबई, मद्रासनं तो कायदा आधीच मोडला होता. देशभर तो ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. घटना लागू होऊन अडीच वर्षं झाल्यावर! आणि गेला तरी मागून सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, मुंबई राज्याचा १९५९ ला.

कागद बदलला, नजर नाही. २००३ ला नाशिक जिल्ह्यात दरोडा, खून, बलात्काराचा गुन्हा घडला. भटक्या जमातीतले सहा मजूर धरले. वाचलेल्या साक्षीदार बाईनं पोलिसांच्या फोटोंतून आधी दुसरेच चार जण ओळखले होते, त्यांच्यावर खटला नाही. २००९ ला सुप्रीम कोर्टानं सहाही जणांना फाशी ठोठावली. ५ मार्च २०१९ ला त्याच कोर्टानं त्यांना निर्दोष सोडलं, माणशी पाच लाख भरपाई दिली. सोळा वर्षं गेली. त्या बाईलाही न्याय मिळाला नाहीच, खरे गुन्हेगार मोकळे.

आता आपल्याला झोंबणारी गोष्ट. अत्याचाराचा खटला उभा राहतो तेव्हा आपणही ओरडतो, फाशी द्या! मग निर्दोषपणाचं गृहीत सवर्ण आरोपीलाही लागू काय? होय, लागू. मात्र गृहीत म्हणजे तपासातली ढिलाई नाही. गुन्हा नोंदवा, साक्षीदार सांभाळा, खटला नेटानं चालवा, ही मागणी सोडायची नाही. २०१८ च्या मार्चमध्ये सुप्रीम कोर्टानं ॲट्रॉसिटीचा गुन्हा नोंदवण्याआधी चौकशीची अट घातली, तेव्हा २ एप्रिलला देश बंद झाला. ती अट २०१९ ला कोर्टानंच मागं घेतली. आपली तक्रार एवढीच होती की आरोपीवर ठेवायचा तो विश्वास, आणि फिर्यादीवर तेवढा संशय, हा न्याय नाही. पण पुरावा मागणं आपण सोडलं, तर उद्या ती काठी पहिली बेड्यावर पडेल.

२०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांत तीन जण कच्चे कैदी होते. गुन्हा शाबीत नाही, कैद मात्र चालू. २०२४ च्या ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टानं तुरुंग नियमांतली जातवारी कामं, आणि विमुक्तांना सराईत म्हणणाऱ्या नोंदी, घटनाबाह्य ठरवल्या. निकाल आला, पण बेड्यापर्यंत तो पोचवणार कोण?

आपण. बेड्यावरचा माणूस उचलला की जयंतीच्या वर्गणीइतकीच धावपळ करा. ठाण्यात जाऊन विचारा, अटक कधी केली, कारण कोणतं, वकील कुठं? चोवीस तास मोजा. तो पारधी चोर आहे की नाही, हे आपल्याला ठाऊक नसेल. कोर्टानं ठरवेपर्यंत पोलिसालाही ठाऊक नसते.

जय भीम.