पंख्याच्या गाभ्यातील घड्याळ : इंजिनाच्या अवशेषांचा इतिहास

१/११
जुन्या मोटारीचा पिस्टन घासूनपुसून, त्यात छोटी तबकडी बसवून टेबलावरचे घड्याळ केल्याची चित्रफीत आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. ही हौस आजची नव्हे. तिचे मूळ शोधू लागलो, की आपण पहिल्या महायुद्धातील विमानतळांवर जाऊन पोहोचतो. आजचा धागा त्याविषयी.

२/११
१९१४ ते १९१८ या काळात विमानांचे पंखे लाकडी असत. महोगनी किंवा अक्रोडाच्या फळ्या एकावर एक चिकटवून ते कोरले जात. विमान उतरताना जरा कलले, तरी पंख्याचे पाते मोडे. मोडका पंखा दुरुस्त होणे अवघड. मधला जाड गाभा मात्र बहुधा शाबूत राही.

३/११
या गाभ्याच्या मध्यभागी इंजिनाच्या दांड्यासाठी मोठे गोल भोक असे आणि त्याभोवती बोल्टांच्या छिद्रांचे कडे. त्या भोकात घड्याळाची तबकडी चपखल बसते. जिथे इंजिन फिरत होते, तिथे काटे फिरू लागले! अशी घड्याळे ब्रिटनमधील अनेक घरांच्या दिवाणखान्यांत पोहोचली.

४/११
अशा वस्तूंना ‘ट्रेंच आर्ट’ म्हणतात. हे नाव फसवे आहे. सगळ्याच वस्तू खंदकात बसून घडविलेल्या नव्हत्या. कित्येक आघाडीमागच्या कार्यशाळांत झाल्या, कित्येक युद्धानंतर विक्रीसाठी. निकोलस सॉन्डर्स या मानववंशशास्त्रज्ञाने या वस्तूंचा पद्धतशीर अभ्यास करून हा भेद ठळक केला.

५/११
मग खरे-खोटे कसे ओळखावे? ब्रिटिश पंख्यांच्या गाभ्यावर बहुधा ठसे मारलेले असत : इंजिनाचे नाव, अश्वशक्ती, आराखड्याचा क्रमांक. हे ठसे म्हणजे त्या लाकडाचा शिलालेखच. ते वाचता आले, तर पंखा कोणत्या जातीच्या विमानाचा, हे सांगता येते.

६/११
युद्ध संपले आणि ब्रिटनमध्ये निरुपयोगी विमानांचे ढीग उरले. १९२० मध्ये ‘एअरक्राफ्ट डिस्पोजल कंपनी’ने हा साठा सुमारे १० लाख पौंडांना विकत घेतला. त्यात १० हजारांच्या आसपास विमाने आणि सुमारे ३० हजार इंजिने होती.

७/११
याच साठ्यात रेनॉची आठ सिलिंडरांची इंजिने होती. फ्रँक हॅलफर्ड या अभियंत्याने त्यांतील चार सिलिंडरांची एक ओळ घेतली, तिच्यासाठी नवी क्रँककेस केली आणि ‘सिरस’ हे स्वस्त, हलके इंजिन सिद्ध केले. १९२५ मध्ये ते डी हॅविलंडच्या ‘मॉथ’ विमानात बसले.

८/११
जुन्या रेनॉ इंजिनांचा साठा आटू लागला, तेव्हा हॅलफर्डनेच नव्याने ‘जिप्सी’ इंजिन घडविले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला जुहूच्या धावपट्टीवर उतरले, तेव्हा त्यांच्या ‘पस मॉथ’मध्ये याच जिप्सी घराण्याचे इंजिन होते.

९/११
म्हणजे एकाच युद्धाच्या भंगाराला दोन वाटा फुटल्या. एक वाट नव्या यंत्राकडे गेली, दुसरी स्मृतीकडे. पण दुसऱ्या वाटेत एक धोका आहे. घड्याळ केले म्हणून तो गाभा चुलीत जाण्यापासून वाचला. आणि शोभेसाठी रंधा मारला, तेव्हा त्यावरचा ठसा कायमचा गेला. जतन आणि विनाश एकाच हातून घडले.

१०/११
हे मी पुस्तकी म्हणून सांगत नाही. आजोबांच्या प्रीमियर पद्मिनीचा एक पिस्टन आमच्या घरी होता. गजन पिनच्या भोकाच्या बाजूला तबकडी बसवावी म्हणून मी तो पॉलिश पेपरने आरशासारखा केला. त्याच्या माथ्यावर काही पुसट आकडे होते. इंजिन बोअर केले, की मोठ्या मापाचा पिस्टन बसवतात आणि ते वाढीव माप माथ्यावर कोरलेले असते, हे मला नंतर कळले. आजोबांनी इंजिन बोअर केले होते का, हे सांगणारा घरातील एकमेव पुरावा मी स्वहस्ते घासून टाकला होता. आजोबा आता नाहीत.

११/११
म्हणून विनंती एवढीच. घड्याळ जरूर करा. भंगारात वितळण्यापेक्षा ते केव्हाही बरे. मात्र हात लावण्यापूर्वी वस्तूची सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्या, आकडे उतरवून ठेवा, गाडी कोणाची, कोणत्या सालची, हे कागदावर लिहून तो कागद घड्याळाच्या बैठकीखाली चिकटवा. काटे वर्तमान सांगतील. भूतकाळ सांगण्याचे काम त्या कागदाकडे राहू द्या.

तुमच्या घरी अशी एखादी वस्तू असेल, तर तिच्यावर काय कोरले आहे, ते आज रात्री पाहा आणि खाली लिहा.