प्रबंधाचा विषय आणि भीमेचा काठ



जेऊरच्या स्टेशनावरून पुण्यास शिकायला जाणारी मुले मी पुष्कळ वर्षे पाहत आलो आहे. त्यांतील एक मुलगा मध्यंतरी माझ्याकडे आला. भौगोलिक माहिती प्रणाली, जिला सर्वत्र जी. आय. एस. म्हणतात, त्या विषयात तो एम. एस्सी. करीत होता. "काका, प्रबंधाला विषय सुचवा," असे तो म्हणाला. मी पडलो संघटनेचा माणूस. शाळा दहावीला सुटली, पुढचे शिक्षण वाचनालयात झाले. विद्यापीठाच्या प्रबंधाला मी काय विषय सुचविणार? परंतु त्याने आणलेली यादी मी वाचली. अमक्या तालुक्यातील जमीनवापरातील बदल, तमक्या पाणलोटाचा उपग्रहचित्रांवरून अभ्यास, असे दहापंधरा विषय तीत होते. तालुक्याचे नाव बदलले असते तरी त्यांपैकी एकालाही धक्का लागला नसता. यादीत यंत्र होते, पद्धत होती. प्रश्न मात्र कोणाचाच नव्हता.

त्याला मी जे सांगितले तेच आज आपणांपुढे थोडे विस्ताराने मांडतो. नकाशा हे उत्तर असते. प्रश्न कोणी विचारला यावर त्या उत्तराची किंमत ठरते. यासाठी परदेशी जाण्याचे कारण नाही. भीमा ओलांडली की समोर इंदापूर तालुका लागतो आणि या गोष्टीचा सर्वांत मोठा धडा तेथेच गिरविला गेला आहे.

पेशवाई बुडाल्यावर दहाएक वर्षांनी कंपनी सरकारने रॉबर्ट कीथ प्रिंगल नावाच्या तरुण अधिकाऱ्याकडे पुणे भागातील जमिनीची मोजणी व आकारणी सोपविली. प्रिंगल इंग्लंडातील हेलीबरीच्या कॉलेजात शिकला होता आणि तेथे माल्थस अर्थशास्त्र शिकवीत असे. जमिनीचा खंड कसा उत्पन्न होतो याविषयीचा रिकार्डोचा सिद्धांत त्याच्या डोक्यात पक्का बसला होता. प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे उत्पन्न काढायचे, त्यातून कसण्याचा खर्च वजा करायचा आणि जे निव्वळ उरेल त्याचे शेकडा ५५ सरकारने घ्यायचे, असा त्याचा हिशेब होता. कागदावर तो निर्दोष होता. पण एका शेतात किती ज्वारी पिकते आणि बैलाला किती कडबा लागतो हे आकडे गोळा करणारे कारकून होते. त्यांतील कित्येकांनी चुकीचे आकडे लिहिले, कित्येकांनी पैसे खाऊन लिहिले. त्यातच धान्याचे भाव उतरले. आकारणी सुरू झाल्यावर थोड्याच वर्षांत इंदापुरातील शेते पडीक पडू लागली आणि कुणबी घरदार सोडून निजामाच्या मुलखात जाऊ लागले. प्रिंगल अप्रामाणिक नव्हता. तो प्रश्न विलायतेहून घेऊन आला होता, आणि त्याचे उत्तर त्याने इंदापूरच्या मातीकडून वसूल करायचे ठरविले होते.

१८३५ साली गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट हे दोघे त्याच इंदापुरात दाखल झाले. निव्वळ उत्पन्नाचा सिद्धांत त्यांनी बाजूला ठेवला. मागील वर्षांत प्रत्यक्ष वसूल किती झाला, भाव काय होते, बाजार किती दूर आहे, पाऊस कसा पडतो, हे पाहून त्यांनी तालुक्याचा दर ठरविला. मग मातीचा रंग आणि खोली पाहून आण्यांच्या हिशेबाने शेताची प्रत लावली. ही आकारणी तीस वर्षांसाठी कायम केली. १८४७ च्या संयुक्त अहवालात ही पद्धत नियमबद्ध झाली आणि ती मुंबई इलाखाभर पसरली. आपल्या सातबाऱ्यामागचे भूमापन क्रमांक, हद्दीचे दगड, आकार हे शब्द त्याच कामातून रूढ झाले.

या पद्धतीची थोरवी मी मान्य करतो. पण तिचा प्रश्न काय होता? हे शेत सरकारला किती देऊ शकेल, एवढाच. म्हणून त्या नकाशात बांध आहे, विहीर आहे. त्या बांधावर राबणारा मजूर नाही. ज्याच्या नावे आकार नाही तो माणूस त्या नकाशाला दिसत नाही. पुढे १८५९ साली डिकसळपासून बार्शी रोडपर्यंत, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपर्यंत, आगगाडी सुरू झाली. तीस वर्षांची मुदत संपल्यावर इंदापूरची फेरआकारणी झाली आणि वाढलेल्या भावांबरोबर, बाजार जवळ आला, हेही सारा वाढविण्याचे एक कारण ठरले. अंतर हे केवळ भूगोलाचे माप नाही, ते पैशाचेही माप आहे, हे आमच्या बापजाद्यांना तेव्हाच कळले.

कसणाऱ्याच्या बाजूने प्रश्न विचारला गेला तो बराच उशिरा. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल हॅरल्ड मॅन यांनी पुण्याजवळचे पिंपळे सौदागर हे एकच गाव घेतले आणि १९१७ साली त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. या गावात एकेकाच्या वाट्याची जमीन किती उरली, हा त्यांचा प्रश्न होता. १७७१ साली सरासरी धारणा ४० एकर होती, १९१४-१५ साली ती ७ एकरांवर आली होती. एका गावाच्या या आकड्यांनी जमिनीच्या तुकड्यांचा प्रश्न साऱ्या देशापुढे उभा केला. विषय लहान घेतला म्हणून अभ्यास लहान होत नाही, हे विद्यार्थ्याने येथे शिकावे.

आता संगणकाकडे वळू. जी. आय. एस. चा जन्मसुद्धा प्रश्नातूनच झाला आहे. कॅनडातील रॉजर टॉमलिन्सन हे एका हवाई पाहणीच्या कंपनीत होते. पूर्व आफ्रिकेत झाडांच्या लागवडीसाठी योग्य जागा शोधण्याचे काम त्यांच्यापुढे आले. माती, उतार, पाऊस असे अनेक नकाशे हाताने एकावर एक ठेवून पाहायचे तर खर्च आवाक्याबाहेर जात होता. हे काम यंत्राकडून करून घेता येईल काय, या विचारातून १९६० नंतरच्या दशकात कॅनडाच्या जमिनींसाठी ही प्रणाली उभी राहिली. टॉमलिन्सन यांनी लंडनमध्ये पीएच. डी. मिळविली ती पुढे, १९७४ साली. आधी अडचण, मग यंत्र, शेवटी प्रबंध, असा हा क्रम आहे. आमच्या मुलाच्या यादीत तो उलटा झाला होता.

प्रश्न मिळाला तरी तो यंत्राच्या डोळ्याला पेलतो की नाही हे पाहावे लागते. मोजणीची शंकूसाखळी ३३ फुटांची असते. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद म्हणजे एक गुंठा. १९८८ साली आपला पहिला आय. आर. एस. उपग्रह आकाशात गेला. त्याच्या एका कॅमेऱ्याच्या चित्रातील एक ठिपका साडेबाहत्तर मीटरांचा होता, म्हणजे एका ठिपक्यात सव्वा एकराहून अधिक रान जाई. नंतरच्या उपग्रहांचा साडेतेवीस मीटरांचा ठिपका साडेपाच गुंठ्यांवर आला. २०१५ पासून युरोपच्या सेंटिनेल-२ ची चित्रे कोणालाही विनामूल्य मिळतात. त्यांचा ठिपका दहा मीटरांचा, म्हणजे जवळजवळ बरोबर एक गुंठा. साखळीचा गुंठा असा आकाशातून परत आला आहे! पण दोन भावांमधील बांधाचा तंटा एक हाताचा असतो. तो या चित्रात दिसणार नाही. उसाचा फड दिसेल, पाण्याची कड दिसेल.

पाण्याची कड म्हटली की आपण उजनीवर येतो. हे धरण १९८० साली पूर्ण झाले. करमाळा, इंदापूर, माढा, दौंड अशा तालुक्यांतील गावे उठली, जुने उतार बुडाले आणि समोरासमोरची गावे दूर झाली. धरणात सुमारे ११७ टी. एम. सी. पाणी मावते, त्यातील सुमारे ६३ मृतसाठा आहे. पाणी ओसरले की गाळपेर जमीन उघडी पडते, पळसदेवचे जुने देऊळ वर येते. पाणी चढले की सारे पुन्हा झाकते. २१ मे २०२४ रोजी संध्याकाळी कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळात उलटली आणि सहा माणसे बुडाली. ही माणसे बोटीत का बसली? कारण पाण्यावरून समोरचे गाव हाकेवर आणि रस्त्याने मोठा वळसा.

सरळ अंतर आणि वाटेचे अंतर यांतील फरक मी माझ्या कामात शिकलो. पंधरासोळा वर्षांपूर्वी ऊस वाहणाऱ्या बैलगाडीवाल्यांचा एका कारखान्याशी तंटा लागला. वाहतुकीचे पैसे अंतरावर मिळत आणि कचेरीने अंतर नकाशावर पट्टी ठेवून काढले होते. बैल पट्टीवरून चालत नाही, ओढ्याला वळसा घालून चालतो. आम्ही सायकलच्या चाकाला फडके बांधले, फेरे मोजत फडापासून गव्हाणीपर्यंत गेलो आणि तो हिशेब टेबलावर ठेवला. सगळे पैसे मिळाले नाहीत, परंतु पट्टी तेवढी गेली.

म्हणून मुलाला मी म्हणालो, "हा तुझा विषय. काठावरच्या चार गावांपासून दवाखाना, शाळा आणि बाजार पाण्यावरून किती आणि रस्त्याने किती? पाण्याची कड महिन्यागणिक सरकते, तेव्हा हे अंतर कसे बदलते? पूल झाला तर कोणाची वाट किती तुटेल आणि कोणाची तशीच राहील?" पावसाळ्यात ढगांमुळे साधी चित्रे निकामी होतात हे त्याला ठाऊक होते, तेथे रडारची चित्रे घ्यावी लागतील, असे त्यानेच मला सांगितले. विषय आमच्या दोघांचा झाला तो त्या क्षणी.

त्याने पहिला नकाशा छापून आणला, तेव्हा आम्ही तो घेऊन काठावर गेलो. एका म्हाताऱ्या नावाड्याने बराच वेळ तो न्याहाळला आणि एका रेघेवर बोट ठेवले. "पोरा, ही वाट भादव्यात नसते," तो म्हणाला. मुलाने खिशातून पेन्सिल काढली आणि तेथेच, वाळूत बसून, ती रेघ खोडली. त्याच्या प्रबंधाला तेव्हा खरी सुरुवात झाली, असे मी मानतो.