विसरण्याच्या खुणा

आम्ही वलगावच्या बचत गटाच्या बाया बोलतो आहोत.

आमच्या गटात एक आजी आहेत. कितीतरी वर्षं गटाचं व्याज त्या तोंडी सांगायच्या, वही आम्ही नंतर उघडायचो. मागच्या दिवाळीपासून मात्र हप्ता भरला की नाही, हे त्या दोनदा-तीनदा विचारू लागल्या. आम्ही हसलो. कोणी म्हणालं, "साठी बुद्धी नाठी." कोणी म्हणालं, "बुढी चळली." पुढच्या दोन बैठकींना आजी आल्याच नाहीत. तेव्हा आम्हाला आमचीच लाज वाटली. मग हा आजार माणसाला कधी नि कसा कळला, ते आम्ही समजून घेतलं.

ही गोष्टही एका बाईपासूनच सुरू होते. 1901 साली जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या दवाखान्यात ऑगस्टे नावाची 51 वर्षांची बाई आणली गेली. नवऱ्याचं नाव विचारलं तर ती स्वतःचंच सांगायची. डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी तिचं बोलणं शब्दन् शब्द लिहून ठेवलं. 1906 मध्ये ती वारली. डॉक्टरांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर पेशींच्या बाहेर चिकट गोळे साचलेले आणि पेशींच्या आत धाग्यांचा गुंता. म्हणजे बाई चळली नव्हती, तिला बाहेरचंही लागलं नव्हतं. तिचा मेंदू आजारी होता. 1910 साली या आजाराला अल्झायमर यांचंच नाव मिळालं.

पण खूण सापडायची माणूस गेल्यावर. जिवंतपणी ती पाहायला फार वर्षं लागली. 1984 मध्ये अमेरिकेत त्या गोळ्यांतलं प्रथिन ओळखलं गेलं. पुढे ते अमायलॉइड म्हणून प्रसिद्ध झालं. गुंत्यातल्या प्रथिनाचं नाव टाऊ. 1990 च्या दशकात पाठीच्या कण्यातल्या पाण्यात ही दोन्ही मोजू लागले. 2004 मध्ये जिवंत माणसाच्या मेंदूतलं अमायलॉइड दाखवणारी छायाचित्रं प्रसिद्ध झाली. मे 2025 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने रक्तातून अशी खूण शोधणाऱ्या पहिल्या तपासणीला मान्यता दिली. अशा खुणांना डॉक्टर बायोमार्कर म्हणतात.

आता आमच्या आजींसारख्यांचं काय? वयाच्या मानाने विसरणं जास्त, पण स्वयंपाक, बाजार, पैसे स्वतःचे स्वतः सांभाळता येतात, अशी एक मधली पायरी असते. तिला सौम्य विस्मरण म्हणू. दवाखान्यात आलेल्या अशा 100 जणांपैकी साधारण 10 ते 15 जण दर वर्षी पुढे डिमेन्शियाकडे जातात. काही तिथेच थांबतात, काही सुधारतातही. कोण पुढे जाईल, याचा अंदाज या खुणांवरून बांधता येतो. खूण सापडली तर धोका जास्त, नाही सापडली तर कारण दुसरीकडे शोधायचं. पण हा अंदाज आहे, निकाल नव्हे. रक्ताची ती तपासणी तक्रार असलेल्यांसाठी आणि मेंदूच्या तज्ज्ञाच्या हाताखालीच करायची आहे. धडधाकट माणसाला कोणी ती विकायला आलं, तर पैसे देऊ नका.

आपल्या देशातही काम झालं. 1990 च्या दशकात हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत संशोधकांनी, लिहिता-वाचता न येणाऱ्यांचीही स्मृती तपासता येईल असे प्रश्न तयार केले. आता सकाळ आहे की संध्याकाळ, असे साधे. सही येत नाही म्हणून बाई बुद्धीने कमी ठरू नये, हा त्यामागचा विचार. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात साठीच्या पुढच्या 100 पैकी सुमारे 7 जणांना डिमेन्शिया आढळला. पुरुषांपेक्षा बायांत जास्त आणि शहरापेक्षा खेड्यात जास्त. म्हणून हा आपला विषय आहे.

महागड्या खुणांच्या आधी करण्यासारखं आपल्या हातात बरंच आहे. बी-12 ची कमतरता, थायरॉइड, मनाची उदासी, कमी ऐकू येणं, काही झोपेच्या गोळ्या, यांनीही विसरायला होतं, आणि यावर उपाय आहेत. साखर आणि रक्तदाबही तपासून घ्या. टेलिमानसचा 14416 आणि ज्येष्ठांसाठीचा 14567 हे नंबर गटाच्या वहीवर लिहून ठेवा.

20 डिसेंबर 1956 रोजी गाडगेबाबांनी आपल्याच वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलापाशी देह ठेवला. नवसाला बकरं कापू नका, हे त्यांनी जन्मभर कीर्तनातून सांगितलं. आपण बायांनी विसरणाऱ्या माणसाला देवऋषाकडे नेऊ नये, आणि त्याला हसूही नये.

आजींना आम्ही घरी जाऊन बैठकीला आणलं, दवाखान्यातही नेलं. त्या अजून विचारतात, "माहा हप्ता भरला का गं?" आम्ही दर वेळी वही उघडून दाखवतो.