रिकाम्या संगणकांची सामायिक शक्ती : ‘काँडोर’ प्रणालीचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

संगणकाचा इतिहास बहुधा वाढत्या वेगाचा इतिहास म्हणून लिहिला जातो. महासंगणकांची क्रमवारी, प्रतिसेकंद गणनांचे आकडे आणि राष्ट्राराष्ट्रांतील स्पर्धा हे त्याचे ठरलेले विषय होत. त्याच इतिहासाला समांतर असा एक दुर्लक्षित प्रवाह आहे. विद्यापीठातील टेबलांवर रिकाम्या पडून असलेल्या संगणकांची शक्ती एकत्र करून ती संशोधनासाठी वापरण्याचा हा प्रवाह होय. अमेरिकेतील मॅडिसन येथील विस्कॉन्सिन विद्यापीठात १९८० च्या दशकात आकाराला आलेली ‘काँडोर’ ही प्रणाली त्याचे प्रमुख उदाहरण आहे. तिच्या यशाचे मूळ तंत्राइतकेच मालकी आणि सामायिकता यांच्यातील विवेकपूर्ण समझोत्यात होते, हे दाखविण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

पार्श्वभूमी

१९७० च्या दशकापर्यंत विद्यापीठात सहसा एक मोठा मध्यवर्ती संगणक असे आणि सर्व विभाग त्यावर आळीपाळीने काम करीत. रांग होती, परंतु यंत्र सर्वांचे होते. नंतर प्राध्यापक व संशोधक यांच्या टेबलावर स्वतंत्र वर्कस्टेशने आली आणि रांग संपली. मात्र त्याबरोबर गणनशक्तीचे तुकडेही झाले. एका खोलीतील संशोधकाचे काम दिवसेंदिवस अडून राहावे आणि शेजारच्या खोलीतील यंत्र त्याच वेळी रिकामे असावे, अशी स्थिती निर्माण झाली. इस्रायलमधील वाइझमन संस्थेत मिरॉन लिव्हनी यांनी डॉक्टरेटसाठी जोडलेल्या संगणकांमधील कामाच्या वाटणीचा अभ्यास केला होता. विस्कॉन्सिनमध्ये आल्यावर त्यांनी हाच प्रश्न प्रत्यक्ष यंत्रांवर हाताळला.

रिकाम्या यंत्रांच्या वापराचा विचार त्यापूर्वीही झाला होता. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो संशोधन केंद्रातील जॉन शॉक व जॉन हप यांनी १९८२ मध्ये ‘वर्म’ प्रोग्रॅमविषयीचे अनुभव प्रसिद्ध केले. रात्री रिकाम्या असलेल्या आल्टो संगणकांवर हा प्रोग्रॅम आपले भाग पसरवीत असे. एकदा त्यातील एक भाग बिघडला आणि सकाळी अनेक यंत्रे बंद पडलेली आढळली. अखेर नेटवर्कवरून विशेष संदेश पाठवून सर्व ‘वर्म’ थांबवावे लागले. दुसऱ्याच्या यंत्रात शिरणे सोपे असते, तेथे शिस्तीने वागणे अवघड असते, हा या प्रयोगाचा धडा होता.

‘काँडोर’ची रचना

मायकेल लित्झकोव्ह, मिरॉन लिव्हनी आणि मॅट मुटका यांनी १९८८ मध्ये सादर केलेल्या शोधनिबंधात ‘काँडोर’चे वर्णन रिकाम्या वर्कस्टेशनांचा शिकारी असे केले आहे. २३ यंत्रांवर एक महिना केलेल्या निरीक्षणांवर हा निबंध आधारलेला होता. नाव शिकारी पक्ष्याचे असले तरी या प्रणालीचे वर्तन संकोची पाहुण्यासारखे होते. यंत्र काही काळ वापरात नाही असे दिसले, तरच तेथे बाहेरचे काम सुरू होई. मालक परतला की ते काम तत्काळ थांबे. मालक काम करीतच राहिला, तर त्या कामाची तोवरची संपूर्ण स्थिती जतन करून ते दुसऱ्या रिकाम्या यंत्रावर हलविले जाई. त्यामुळे मालकाची गैरसोय टळे आणि संशोधकाचे झालेले कामही बहुतांशी वाया जात नसे. शिवाय फाइली वाचण्या-लिहिण्याच्या मागण्या संशोधकाच्या मूळ यंत्राकडे परत पाठविल्या जात. त्यामुळे यजमान यंत्रावर संशोधकाच्या फाइली ठेवण्याची गरज नव्हती.

दुसरा प्रश्न न्याय्य वाटपाचा होता. एखाद्या संशोधकाने शेकडो कामे टाकून सर्व रिकामी यंत्रे व्यापली, तर क्वचित काम देणाऱ्याने काय करावे? यासाठी मुटका व लिव्हनी यांनी चढ-उताराची पद्धत योजली. दुसऱ्यांची यंत्रे वापरणाऱ्याचा अग्रक्रम उतरत जाई आणि वाट पाहणाऱ्याचा चढत जाई. मागणी नसताना मोठ्या वापरकर्त्याला मोकळे रान मिळे, परंतु लहान वापरकर्ता उपाशी राहत नसे.

विस्तार

१९९० च्या दशकात मॅडिसनचा हा समूह ॲमस्टरडॅम, जिनिव्हा, वॉर्सा, दुबना इत्यादी ठिकाणच्या समूहांशी जोडण्याचे प्रयोग झाले. १९९८ मध्ये वृत्तपत्रातील छोट्या जाहिरातींच्या धर्तीवर जुळवणीची पद्धत मांडण्यात आली. काम आपल्या गरजा जाहीर करी, यंत्र आपल्या अटी जाहीर करी आणि दोन्ही बाजू जुळल्या तरच व्यवहार होई. मालकाची संमती येथे नियमाच्या रूपाने नोंदली गेली.

लिव्हनी यांनी ‘अधिक वेग’ आणि ‘अधिक निष्पत्ती’ यांत भेद केला. संशोधकाच्या दृष्टीने एका सेकंदात किती गणना होतात यापेक्षा महिन्या-वर्षात किती काम पुरे होते, हे महत्त्वाचे असते. याचा प्रत्यय २००० मध्ये आला. १९६८ मध्ये मांडलेले ‘नग ३०’ हे वाटणीविषयक गणिती कोडे अमेरिका व इटलीतील संस्थांच्या यंत्रांच्या साहाय्याने सुमारे सात दिवसांत सुटले. त्या काळात सरासरी साडेसहाशे यंत्रे कार्यरत होती. एकाच वर्कस्टेशनवर याच कामाला सुमारे सात वर्षे लागली असती.

मर्यादा

ज्या समस्येचे स्वतंत्र तुकडे पडतात, तिलाच ही पद्धत मानवते. हवामानाच्या प्रतिरूपासारख्या गणनेत भागाभागांमध्ये सतत देवाणघेवाण लागते; तेथे विखुरलेली यंत्रे अपुरी पडतात. तसेच रिकामे यंत्र फुकट असते हे गृहीतकही पुढे टिकले नाही. चालू यंत्र वीज खाते, आणि न वापरलेले यंत्र झोपविणे किंवा बंद करणे हेही काटकसरीचेच धोरण ठरते. लॅपटॉपच्या प्रसारामुळे रात्रभर चालू राहणारे टेबलावरील संगणकही कमी झाले.

तरीही प्रणाली लोपली नाही. २०१२ पासून ती ‘एचटीकाँडोर’ या नावाने ओळखली जाते आणि मुख्यतः खास संशोधनासाठी उभारलेल्या संगणक-समूहांवर चालते. १४ सप्टेंबर २०१५ रोजी ‘लायगो’ने नोंदविलेल्या गुरुत्वीय लहरींच्या विश्लेषणात तिचा उपयोग झाला. त्या संशोधनात पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेतील वैज्ञानिकही सहभागी होते. टेबलावरच्या उसन्या यंत्रांसाठी घडलेली शिस्त अशा रीतीने मोठ्या विज्ञानाच्या कामी आली.

निष्कर्ष

‘काँडोर’च्या इतिहासातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, साधनांचा तुटवडा हा पुष्कळदा वाटपाचा तुटवडा असतो. दुसरी, सामायिकता सक्तीने टिकत नाही. दिलेली वस्तू हवी तेव्हा परत मिळेल ही खात्री असेल, तरच मालक ती देतो. तिसरी, वाटपाचे नियम लहान वापरकर्त्याचे रक्षण करणारे हवेत. मर्यादित निधीवर चालणाऱ्या महाविद्यालयांनी नवे यंत्र मागण्यापूर्वी असलेली यंत्रे किती वेळ, कोणाच्या कुलपाआड रिकामी असतात, याची नोंद घेणे उचित ठरेल. हा प्रश्न केवळ संगणकाचा नाही. तो प्रयोगशाळेतील उपकरणांना आणि ग्रंथालयातील कपाटांनाही तितकाच लागू पडतो.